सात हात रंगाचे

आमच्याकडे मोटार आली तेव्हा तिला रंग नव्हता. म्हणजे एके काळी ती हिरवी होती अशी साक्ष दारांच्या आतल्या कडा देत असत, पण बाहेरून तिचा वर्ण वाळलेल्या अंबाडीच्या भाजीसारखा झाला होता. अकोल्याच्या एका कापूस दलालाने ती बरीच वर्षं वापरली होती. गादी झटकली की आतून सरकी निघे, आणि आई ती गोळा करून तांबू गाईला घाली. त्यामुळे मोटारीचा आमच्या घराला पहिला उपयोग झाला तो दुधासाठी. आबांना हे पाहुण्यांसमोर सांगितलेलं आवडत नसे.

आबा म्हणजे माझे वडील. ते अमरावतीच्या कोर्टात वकील होते. बोललेल्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता आणि लिहिलेल्या शब्दावर अतोनात होता. याचं नवल करण्यात अर्थ नाही, कारण आमचा सगळा मुलूखच कागदावर उभा होता. वऱ्हाड नावाने निजामाचं, कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे, आणि कारभाराच्या सोयीसाठी मध्यप्रांताला जोडलेलं. सरकारी कागदांच्या माथ्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असं छापलेलं असे, आणि आबा त्यातल्या ‘व’वर बोट ठेवून सांगत की आपली सगळी इज्जत या एका अक्षरात आहे. असा माणूस घरात असला की साध्या गोष्टींचेही करारनामे होतात. आमच्या धोब्याचा करारनामा चार पानांचा होता. त्यात ‘कपडे’ या शब्दाची व्याख्या होती. धोतरं तरीही हरवत.

आबांच्या खालोखाल घरात आत्याचं राज्य होतं. ती आबांची थोरली बहीण, पातूरला दिलेली आणि विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आलेली. अख्खी अमरावती ज्यांना वकीलसाहेब म्हणे त्यांना ती बाळू म्हणायची, तेही पक्षकारांच्या देखत. पातूरची बोली तिने कधी सोडली नाही. आई पुण्याकडची. लग्नाला वीस वर्षं होऊनही ‘मले’ आणि ‘तुले’ कानावर पडलं की तिच्या कपाळावर बारीक आठी उमटे, पण दोघींचं बरं चाले, कारण दोघींचा विरोधी पक्ष एकच होता. मी सतरा वर्षांची, मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामी. माझं अक्षर चांगलं आणि आबांचं त्यांनाही वाचता न येण्याजोगं, म्हणून त्यांची मराठी पत्रं मी लिहायची. ते येरझारा घालत सांगत आणि मी लिहीत असे. घरातलं माझं स्थान कारकुनाचं होतं आणि मला ते आवडे, कारण त्यामुळे मला सगळ्यांची भांडणं पहिल्यांदा कळत.

चैत्र लागला होता. अंगणात खाटांवर कुरडया वाळत होत्या. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास घरभर असे, आणि चीक शिजवताना आई आम्हाला त्याचा वाटीभर गरम गोळा गूळ घालून देई. तो खाल्ला की दुपारी कोणालाच काही सुचत नसे. अशा दिवसांत बातमी आली की गावातल्या नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला नागपूरहून एक बडे साहेब येणार. त्यांचा हुद्दा मला आता आठवत नाही, नावही आठवत नाही. टोपी तेवढी आठवते. साहेब बडनेऱ्याला आगगाडीतून उतरणार आणि तिथून त्यांना अमरावतीत आणायला चांगली मोटार हवी होती. आबांनी समितीसमोर आपली मोटार देऊ केली आणि ती नव्यासारखी असेल असं म्हणाले. म्हणाले, आणि इतिवृत्तात लिहून घेतलं. आता माघार नव्हती. उद्घाटनाला बारा दिवस उरले होते.

रंगाऱ्याचा शोध अकोल्यापर्यंत गेला आणि तिथून हुसेन मिस्त्री आले. साठीच्या घरातला, उंच, किंचित वाकलेला माणूस. बोटांच्या पेरांवर रेषाच उरल्या नव्हत्या, आरशासारखी गुळगुळीत. आयुष्यभर त्यांनी बग्ग्या आणि दमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, रंगवल्या होत्या, पण बग्ग्यांचे मालक आता मोटारी घेऊ लागले होते आणि दमण्या कोणी नव्याने रंगवत नव्हतं. अकोला ते अमरावती बस चालवणाऱ्या एका मोटार कंपनीच्या सहा गाड्या रंगवायच्या होत्या. त्या कंपनीचे वकील आबा. कंपनीचे शेठ म्हणाले होते की वकीलसाहेबांची चिठ्ठी आणा, काम तुमचं. मिस्त्रींनी ओट्यावर बसल्या बसल्या हे सरळ सांगून टाकलं. “मजुरीचं तुमी म्हनान तसं, सायेब. मले चिठ्ठी पाह्यजे. ह्या सा गाड्या हातून गेल्या त मी काय, गनपतीचे पाट रंगवू?”

आबांनी करारनामा सांगितला आणि मी लिहिला. रंगारी लोक रंगाच्या एका थराला ‘एक हात’ म्हणतात हे आबांना त्याच दिवशी कळलं आणि हा शब्द त्यांना फार आवडला. मिस्त्री म्हणाले, सात हात द्यावे लागतील. आबांनी विचारलं, एका दिवसात एक हात होईल का? मिस्त्री म्हणाले, या उन्हात वाळेल. तेव्हा कलम असं झालं की सदर कारागीर सदर वाहनास सात दिवसांत सात हात रंगाचे देईल, आणि काम समाधानकारक ठरल्यास त्यास शिफारसपत्र देण्यात येईल. दोन हातांच्या मध्ये काय करायचं याबद्दल कोणी काही बोललं नाही. जेवायला बोलावताना चावण्याचा उल्लेख कोणी करत नाही, तशातलाच हा प्रकार होता. मिस्त्रींनी अंगठा उठवला. रंगाचं नाव करारात ‘रॉयल मरून’ होतं. मिस्त्री त्याला कत्थई म्हणत आणि आई वांगी.

तांबूला कडुनिंबाखाली बांधलं आणि गोठा धुऊन मोटार तिथे नेली. धूळ उडू नये म्हणून दारांना ओली पोती लावली. जुना रंग खरवडून, पोचे लांबीच्या लगद्याने भरून, अस्तर मारून मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला हात दिला. संध्याकाळी आबा कोर्टातून आले तेव्हा मोटार अशी चमकत होती की तिच्यात गोठ्याचं छप्पर कौलासकट दिसत होतं. आबांनी समितीच्या दोघा-तिघांना बोलावून आणलं. पन्हं झालं. ते लोक मोटारीकडे कमी आणि मोटारीत दिसणाऱ्या स्वतःकडे जास्त पाहत होते, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आंघोळ करून गोठ्यात डोकावले, तर मिस्त्री मागच्या डाव्या दाराशी उकिडवे बसून ते दार घासत होते. जवळ बादली, हातात चपलेच्या जुन्या तळाभोवती गुंडाळलेला काळा रेगमाल, म्हणजे तो खरखरीत कागद, पाण्यात भिजला तरी न फाटणारा. खसर-खसर आवाज आणि दारावरून ओघळणारं वांगी पाणी. घासलेल्या भागाची चमक पार गेली होती. राख फासल्यासारखा दिसत होता तो.

“हे काय करताय?” आबांनी विचारलं.

“दुसऱ्या हाताची तयारी, सायेब.”

“काल इतकी चांगली झाली होती. तुम्ही ती बिघडवताय.”

“चमकीवर रंग बसत नाई, सायेब. घसरते. त्याले धराले काईतरी खरखरीत लागते.”

“घासणं करारात आहे?”

मिस्त्रींनी थोडा विचार केला. “नाई.”

“मग?”

“मंग रंग धरनार नाई.”

“धरणं करारात नाही,” आबा म्हणाले. नंतर त्यांचं त्यांनाच ते वाक्य जरा चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण ते घाईघाईने पुढे म्हणाले की गाडी घासायला रोज अर्धा दिवस जाणार, सात हात वेळेत होणार नाहीत, आणि चमकणाऱ्या वस्तूची चमक घालवून तिला पुन्हा चमक आणणं ही क्रिया तर्काला धरून नाही. लगोलग मला बोलावून पुरवणी कलम लिहून घेतलं. सदर कारागीर सदर वाहन यापुढे घासणार नाही. मिस्त्रींनी त्यावरही अंगठा उठवला. दुसरं करणार काय? निघून गेले तर चिठ्ठी नाही. राहून रंगाचे पोपडे निघाले तरी चिठ्ठी नाही.

आबा अकराला कोर्टात गेले. मिस्त्री निंबाखाली तांबूच्या शेजारी बसले आणि त्यांनी बिडी पेटवली. आत्या कुरडयांवरचे कावळे हाकायला आली होती. तिने विचारलं, काहून असे बसले? त्यांनी सांगितलं. आत्याने पदर खोचला आणि गोठ्यात जाऊन दाराचा घासलेला आणि न घासलेला भाग पाहिला. मग ती आईला म्हणाली, हे तर सारवण्यावानी हाय. आपण सारवायच्या आधी जमीन खरवडतो का नाही? गुळगुळीत जमिनीवर नुसता शेणाचा काला फासला त दुसऱ्या दिवशी पोपडे निघते. “बाळूले काय समजते त्यातलं? त्यानं जनमात कधी भुई सारवली?”

 आई वकिलाची बायको होती आणि वीस वर्षं जेवताना दावे ऐकत आली होती. मग तिने मला विचारलं, “सुमे, कलमात नेमकं काय लिहिलंयस?”

मी म्हटलं, सदर कारागीर घासणार नाही.

“त्यात आपलं कोणाचं नाव आहे?”

नव्हतं.

अशा रीतीने आम्ही तिघी मोटार घासायला बसलो. मिस्त्रींनी शब्द दिला होता, म्हणून त्यांनी रेगमालाला बोटही लावलं नाही. ते गोठ्याकडे पाठ करून निंबाखाली बसत आणि कानांनी काम बघत. सुरुवातीला आवाज खरखर येतो. मग हळूहळू तो मऊ होत जातो आणि शेवटी पाण्यावरून पान सरकवल्यासारखा येतो. तिथे थांबायचं. थांबलं नाही तर खालचं अस्तर उघडं पडतं. “पुढच्या चाकावर कोन हाय?” ते बसल्या जागेवरून विचारत. “थांबा, बाई. झालं तिथलं.” मी थांबे. ते पाठमोरे होते आणि मधे ओल्या पोत्यांचा पडदा होता. माझ्या पुढच्या आयुष्यात अनेकांनी माझ्या कामाची परीक्षा समोर बसून घेतली, पण इतकी बरोबर कोणी घेतली नाही.

चपलेच्या तळाला आत्या हात लावेना. ते चामडं होतं. तिने अडगळीतून एक फुटका पाट काढला, त्याचा तुकडा तोडला आणि त्याला कागद गुंडाळला. तो तळाहून जास्त सपाट होता, आणि तिने घासलेलं बॉनेट आमच्या दोघींच्या कामाहून चांगलं उतरलं. मुसलमान रंगाऱ्याच्या बादलीत हात घालण्याबद्दल आईने दबकत विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली की संध्याकाळी आंघोळ करायचीच हाय, मंग दुपारभर कशाले शिवलो त्याचा हिशोब कोन ठेवते. धर्मशास्त्रावर मी पुढे बरंच वाचलं, पण इतकं मोकळं भाष्य मला सापडलं नाही.

आवाजाची एक अडचण होती. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारू लागल्या की वकिलांकडे दुपारभर काय खसखसतंय. आई म्हणाली, कुरडयांचा सोऱ्या गंजलाय, तो घासतेय. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, फारच गंजलाय. घासणं दोन-अडीचपर्यंत आटपे. मग मिस्त्री येऊन डोळे मिटून साऱ्या मोटारीवरून तळहात फिरवत. एखाद्या जागी हात थांबला की आम्ही तिथे पुन्हा बसायचो. नंतर ते ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून, चारच्या सुमाराला पुढचा हात देत. साडेपाचला आबा येत तेव्हा मोटार ओल्या रंगाने चमकत असे. मधल्या रविवारी कोर्ट बंद होतं, पण आबा दिवसभर समितीच्या बैठकीत अडकले, म्हणून निभावलं. आबा तिच्याभोवती एक फेरी मारत आणि जेवताना म्हणत, पाहिलंत? घासायची काडीइतकी गरज नव्हती. हे त्यांनी रोज म्हटलं. आम्ही रोज भाकरीवर ठेचा घेत राहिलो. माझी नखं झिजून गेली होती आणि ठेचा बोटांना झोंबायचा.

चौथ्या हातानंतरच्या दुपारी घात झाला. कोणी जुने वकील वारले म्हणून कोर्टाने त्यांच्या सन्मानार्थ काम थांबवलं आणि आबा दोनला दारात हजर. तांबूने हंबरून सांगितलं म्हणून आम्ही वाचलो. आईने बादली कुरडयांच्या खाटेखाली सारली, आत्याने पाटाचा तुकडा पदरात घेतला, आणि मी ओल्या हातांनी कावळे हाकू लागले. सगळी गाडी घासून झाली होती. फक्त मागचं डावं दार राहिलं होतं. आबांनी गोठ्यात डोकावून विचारलं की ही आज निस्तेज का दिसते. मिस्त्री म्हणाले, धूळ बसली, पुसतो. आबा वारलेल्या वकिलांच्या आठवणी सांगायला मोटारीजवळच खुर्ची टाकून बसले. त्यांच्यात आणि त्या वकिलांत तीस वर्षं वैर होतं, त्यामुळे आठवणी पुष्कळ होत्या. चार वाजले. मिस्त्रींनी पाचवा हात दिला, त्या दारावरही. जाताना ते मला हळूच म्हणाले, “ते दार कच्चं राह्यलं, बाई.” पुन्हा ते दार उघडं करायचं तर चार दिवस हवे होते. ते नव्हते.

उरलेले दिवस आम्ही ते दार जास्तच निगुतीने घासलं. उपयोग नव्हता हे तिघींनाही माहीत होतं. चूक आता दोन थर खाली गेली होती आणि वरून दार बाकीच्या दारांइतकंच सुरेख दिसत होतं.

उद्घाटनाच्या दिवशी समितीचे चिटणीस सकाळीच छापील कागदी निशाणं घेऊन आले आणि त्यांनी आईकडे खळ मागितली. आईने चिकाचीच दाट खळ करून दिली. चारी दारांवर एकेक निशाण चिकटवण्यात आलं. मिस्त्री तिथे असते तर त्यांनी चिटणिसांचा हात धरला असता, पण ते सकाळी नागपुरी गेटाकडे आपल्या भाच्याकडे गेले होते. मोटार आबा स्वतः चालवणार होते. अंगात काळा कोट, डोक्यावर जरीकाठी पगडी.

मी वाचनालयासमोर स्वागतगीताच्या मुलींत उभी होते. ऊन चांगलं चढलं होतं. मोटार लांबून दिसली ती फारच देखणी दिसली, हे मला मान्य केलं पाहिजे. जवळ आली तेव्हा दिसलं की मागच्या डाव्या दारावरचं निशाण उन्हाने आकसून, वाऱ्याने सुटून फडफडतंय. त्याच्या पाठीला चिकटून वांगी रंगाचा एक भला मोठा पापड बाहेर आला होता, आणि तो वाऱ्यावर दाराला टपटप आपटत होता. दारावर उघडा पडलेला भाग छान चमकत होता. तो आमचा चौथा हात. साहेब त्याच दाराने उतरले. दार उघडताना पापडाचा एक तुकडा त्यांच्या पांढऱ्या बाहीवर बसला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, पाहिला, आणि काय करावं हे न सुचून चिटणिसांच्या हातात दिला. चिटणिसांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग साहेब आबांकडे वळून म्हणाले, “थँक्यू, ड्रायव्हर.” आम्ही गीत सुरू केलं.

संध्याकाळी आबा ओट्यावर येरझारा घालत होते. पगडी काढलेली, कोट तसाच. मिस्त्री चिठ्ठीसाठी आले होते आणि पायरीखाली उभे होते. गावात तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं, त्यामुळे त्यांनाही कळलं होतं. आबा म्हणाले, “ज्या एका दाराला तुम्ही घासलंत, तेच एक दार सोललं. न घासलेली तीन शाबूत आहेत. याहून स्पष्ट पुरावा मी आजवर कोर्टात पाहिलेला नाही.”

मिस्त्री म्हणाले, “सायेब, ते दार कच्चं राह्यलं. बाकी गाडी पक्की हाय.” एवढंच. ते आमच्याकडे वळले नाहीत. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. आत्या उंबऱ्याच्या आत उभी होती, आई तिच्या मागे.

आबांनी मला लिहायला बसवलं. कंपनीच्या शेठना पत्र. मायना झाला. “सदर रंगाऱ्याच्या घासण्याच्या अडाणी सवयीमुळे,” आबा म्हणाले, “वाहनाचं नुकसान झालं असून, आपल्या गाड्यांचं काम त्यास...” मी ‘घासण्याच्या’पर्यंत लिहिलं. माझं अक्षर खरोखर चांगलं होतं. त्या चांगल्या अक्षरात तो शब्द पाहिला आणि मी टाक खाली ठेवला.

“आबा, हे खोटं आहे.”

“काय खोटं आहे?”

“सगळी गाडी घासलेली आहे. प्रत्येक हातानंतर. ते दार तेवढं एकदा राहिलं, तुम्ही लवकर आलात त्या दिवशी. म्हणून ते सोललं.”

आबा थांबले. त्यांचा आवाज चढला नाही. उलटतपासणीत तो कधी चढत नसे. “कोणी घासली?”

“आम्ही.”

“पुरावा?”

मी हात पुढे केले. बोटांची पेरं मिस्त्रींसारखी गुळगुळीत झाली होती आणि नखांच्या कडांत वांगी रंग बसला होता. आई बाहेर आली आणि तिनेही हात पुढे केले. आबांपुढे बोटं अशी पसरलेली मी तिला पहिल्यांदा पाहत होते. आत्या जागची हलली नाही. म्हणाली, “माहे काय पाहतं, बाळू? माह्या बोटाइले रेषा कधी होत्या?”

आबा खुर्चीत बसले. मग मिस्त्रींना म्हणाले, “उद्या संध्याकाळी या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेली निशाणं मागवली. खळ मागवली. मोटार उन्हात काढून तीन शाबूत दारांवर, बॉनेटवर आणि मागच्या डाव्या दाराच्या न सोललेल्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक निशाण चिकटवलं आणि ते कोर्टात गेले. दिवसभर ती साम्राज्याची निशाणं आमच्या अंगणात कुरडयांबरोबर वाळली. साडेपाचला आल्यावर कोटही न काढता ते एकेक निशाण ओढू लागले. तीन दारांवर कागद फाटला, चिंध्या झाल्या, खळीचे डाग राहिले, पण रंग हलला नाही. बॉनेटवर नखाने खरवडून पाहिलं, तरीही नाही. चौथ्या दारावर हात ठेवताच निशाण पापडासकट सुटून आलं. आबांनी तो पापड उलटा करून पाहिला. त्याची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. तिला धरायला काहीच मिळालं नव्हतं.

“लिही,” आबा म्हणाले.

मी नवा कागद घेतला. ते पत्र मला अजून पाठ आहे, कारण आबांनी सांगितलेल्या शेकडो पत्रांत तसं दुसरं नव्हतं. ‘सदर कारागिराने कराराप्रमाणे सात हात रंगाचे दिले. मध्ये सहा हात घासण्याचे लागले. ते करारात नव्हते, ही त्रुटी कारागिराची नसून करार लिहिणाऱ्याची आहे. आपल्या गाड्यांचं काम त्यास निःशंकपणे द्यावं आणि घासण्याचे हात करारात स्पष्ट नमूद करावेत.’ ‘करार लिहिणाऱ्याची’ म्हणताना ते माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहत होते. लिहिणारी मी होते असा अर्थ कोणी काढू नये म्हणून मी तिथे ‘म्हणजे माझी’ असं घालू का, असं विचारलं. ते म्हणाले, घाल.

आत्याने आतून ऐकलं होतं. नंतर ती बोटांवर मोजत म्हणाली, सहा बरोबर हाय. सुमीचे दोन, तिच्या आईचे दोन, माहे दोन. आबांनी असं मोजलं होतं की रंगाऱ्यांच्या रीतीने, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सहा गाड्यांचं काम मिस्त्रींना मिळालं. पुढे कॉलेजात असताना मी त्यातल्या एकीने अकोल्याला गेले, तेव्हा उतरताना सवयीने तिच्या कडेवरून हात फिरवला. कंडक्टरला वाटलं मी काही शोधतेय. आजही नवी मोटार दिसली की माझी बोटं तिच्याकडे जातात. नातू म्हणतो, आजी, ठसे उमटतात. मी त्याला सांगते, माझ्या बोटांचे उमटत नाहीत.

राहिलं होतं ते मागचं डावं दार. पत्राच्या दुसऱ्याच दिवशी मिस्त्री ते पुन्हा करायला आले. करार नव्याने झाला नाही, आणि पुरवणी कलम रद्दही झालं नाही, कारण लिहिलेलं खोडणं आबांच्या स्वभावात नव्हतं. सकाळी जेवण झाल्यावर त्यांनी काळा कोट चढवला आणि ओट्यावर उभं राहून आईला सांगितलं की आज कोर्टात काम फार आहे, साडेपाचच्या आत मी येत नाही. हेच त्यांनी आत्याला सांगितलं, मला सांगितलं, आणि फाटकाशी जाऊन तांबूच्या पाठीवर थाप मारत तिलाही जरा मोठ्याने सांगितलं. मग छत्री उघडून ते उन्हात निघून गेले.

तो रविवार होता.